प्रार्थनेचा विषय

आमच्या घरातल्या बातम्या देवाला आणि शेजाऱ्यांना एकाच वेळी कळायच्या, कारण माझी आजी प्रार्थना मोठ्याने करायची. शहराच्या छावणी भागात आमच्या दोन खोल्या होत्या. शेजारच्या बिऱ्हाडाची आणि आमची भिंत एकच, तीही वरून उघडी. पहाटे आजी घोंगडीची घडी गुडघ्यांखाली घ्यायची, पदर डोक्यावरून ओढायची आणि एकेकाचं नाव घेऊन त्याचं गाऱ्हाणं मांडायला बसायची. मामाचं पिणं, मावशीच्या नवऱ्याची अडकलेली बढती, समोरच्या सुनेला दिवस राहत नाहीत ते. नववीच्या सहामाहीत मी गणितात नापास झाले, ते मी जेवताना फक्त तिला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी नळावर शेजारच्या काकूंनी मला गणिताच्या शिकवणीचा पत्ता दिला. मला तेव्हा त्याचा राग यायचा नाही. लोकांच्या घरी कोंबडा आरवतो, आमच्या घरी आजी, एवढंच मला वाटायचं.

आजी म्हणजे आईची आई. आई गेली तेव्हा मी दुसरीत होते. वडिलांची नोकरी नांदेडला. त्यांनी दुसरं लग्न केलं, दोन-तीन नाताळांना माझ्यासाठी फ्रॉक घेऊन आले आणि मग येईनासे झाले. त्यामुळे मला आई म्हणा, बाप म्हणा, सगळं आजीच. ती मिशनच्या दवाखान्यात आया होती. आजोबा लवकर गेले, आणि तिच्या हाताशी पगार आणि देव असे दोनच राहिले. पगारावर तिचा फारसा भरवसा नव्हता.

सुट्टीच्या दिवशी ती एसटीने पिशोरला जायची, कधी देवगाव रंगारीला. पिशवीत लहानसं पवित्र शास्त्र, पाण्याची बाटली आणि शिळ्या भाकरीचा तुकडा. बाजारात कांदेवाल्या बायकांच्या शेजारी बसून ती येशूच्या गोष्टी सांगायची. कुणी ऐकायचं, कुणी उठून जायचं, कुणी खवळायचं. बायका तिला येशूवाली म्हणायच्या. संध्याकाळी परत आली की मी विचारायचे, आज कुणी ऐकलं का. ती म्हणायची, ऐकलं नाय तरी पानी पाजलं. तिच्या हिशेबात तेवढ्याने दिवस सार्थकी लागायचा. मला टायफॉइड झाला तेव्हा ती माझ्या खाटेशी गुडघे टेकून बसून राहिली होती. तापात मला काही कळत नव्हतं, फक्त तो आवाज कळत होता. थोडा घोगरा, मधेच दाटून येणारा, माझं नाव पुन्हा पुन्हा घेणारा. पुढे कितीतरी वर्षं तो आवाज कानावर पडला की मला झोप लागायची.

हे सगळं आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटेल की बाई ढोंगी होती. ढोंगी असती तर मला एवढं लागलं नसतं. ढोंगी माणसांचे अनुभव मला काही कमी नाहीत, आणि ते विसरायला वेळही लागत नाही. आजीने मला दगा दिला तो गुडघे टेकून, डोळे मिटून, माझ्यासाठी खरोखर रडत रडत दिला. असला दगा कुठे ठेवायचा तेच मला अजून कळलेलं नाही.

त्यासाठी आमच्या महिला मंडळाची रीत सांगावी लागेल. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान. रविवारची उपासना एका भाड्याच्या हॉलमध्ये व्हायची, आणि शुक्रवारी दुपारी बायकांचं मंडळ पाळीपाळीने एकेकीच्या घरी जमायचं. आधी गीत, मग वचन, मग प्रार्थनेचे विषय, मग पोहे. प्रार्थनेचा विषय म्हणजे जिची जी अडचण असेल ती तिने सांगायची आणि सगळ्यांनी मिळून देवाकडे मागायचं. गुडघेदुखी, मुलाची नोकरी, चार दिवस न आलेला टँकर, हे विषय सरळ असायचे. जे सरळ सांगता यायचं नाही त्यासाठी एक सोय होती. बाई घसा साफ करून म्हणायची, एका बहिणीसाठी प्रार्थना करायची आहे, नाव नको. नाव नको म्हटलं की सगळ्या जणी माना खाली घालायच्या आणि मनातल्या मनात नाव शोधायला लागायच्या. पोहे येईपर्यंत ते सापडलेलं असायचं. ही चुगली नव्हे. चुगली करणाऱ्या बाईकडे आमच्यात वाकड्या नजरेने बघतात. विषय सांगणाऱ्या बाईला मात्र ओझं वाहणारी म्हणतात.

पुढे मोबाईल आले, मंडळाचा ग्रुप झाला आणि शुक्रवारपर्यंत थांबायची गरज उरली नाही. आजीला टाइप करता येत नव्हतं. मामाच्या मुलीने तिला माइकचं बटण दाबून धरायला शिकवलं, आणि आजी पहाटेची प्रार्थना थेट ग्रुपवर बोलायला लागली. बायका त्या आवाजाने भारावून जायच्या. कुणी आजारी माणसाच्या उशाशी लावायचं, कुणी दुसऱ्या गावच्या मंडळाला पाठवायचं. आजीचं नाव जालन्यापर्यंत पोचलं होतं. एवढी वर्षं एसटीने फिरून जेवढी माणसं तिला भेटली नाहीत तेवढी आता बसल्या जागी ऐकत होती, आणि ती त्यावर मनापासून खूश होती.

माझं लग्न मंडळीतूनच जमलं. मी तोवर नर्स झाले होते. मुलगा वाळूजला कंपनीत होता आणि रविवारी उपासनेत कीबोर्ड वाजवायचा. घर मूळचं सिल्लोडचं. त्याची आई तिथल्या महिला मंडळात पुढे असायची. आजीला वाटलं, देवाने बोट धरून जावई दारात आणून उभा केला. मलाही तो आवडला. खोटं कशाला बोलू, वाजवताना फार गोड दिसायचा.

पहिल्यांदा हात उचलला तो भाजीत मीठ जास्त झालं म्हणून, असं मी सांगते, कारण लोकांना कारण लागतं. खरं तर कारण नसायचंच. शनिवारी मारायचा आणि रविवारी वाजवायचा. मंडळीत सगळे म्हणायचे, किती शांत मुलगा. पडेगावच्या आमच्या घरात तो शांतच असायचा, मारतानासुद्धा ओरडायचा नाही. मी नर्स, त्यामुळे कुठला डाग किती दिवसांत जातो ते मला ठाऊक होतं, आणि त्या बेताने मी आजीकडे जायचे. आमची मुलगी चार वर्षांची झाली. एका संध्याकाळी त्याने माझा दंड धरला तेव्हा ती आपली आपण उठली आणि टीव्हीचा आवाज मोठा करून पुन्हा बसली. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं की इथून निघायचं.

नर्सिंगच्या वेळची एक मैत्रीण पुण्यात होती. तिने तिच्या हॉस्पिटलमध्ये माझ्यासाठी शब्द टाकला. काम मिळालं, राहायला तिचीच खोली, मुलीला जवळच पाळणाघर. एक तारखेला हजर व्हायचं होतं. नवरा पहिल्या पाळीला गेला की मुलीला घेऊन बसस्टँड गाठायचं आणि पुण्याला पोचल्यावर मग काय व्हायचं ते होऊ दे. कुणालाही सांगायचं नाही असं ठरलं होतं. पण आजीला न सांगता जाणं मला जमेना. एक तर तिने शहरभर शोध घेतला असता. दुसरं म्हणजे, खरं तेच सांगते, मला तिचा हात डोक्यावर हवा होता.

मी गेले तेव्हा ती मेथी निवडत बसली होती. मी शेजारी बसले, दोन काड्या हातात घेतल्या आणि सगळं सांगून टाकलं. बाही वर करून दंड दाखवला. तिने मेथी बाजूला सारली आणि त्या काळ्यानिळ्या डागावरून बोट फिरवलं, दवाखान्यात तपासायची तसं. मग ती रडायला लागली. लग्न देवापुढं झालंय बाळ, असं म्हणाली, आणि लगेच म्हणाली की त्याचा हात झडावा. दोन्ही मनापासून म्हणाली. मी तिला म्हटलं, आजी, हे कुणालाही सांगायचं नाही. मामाला नाही, मावशीला नाही, मंडळात तर नाहीच. ती शपथ कधी घ्यायची नाही, धर्मात बसत नाही म्हणून. तिचं हो म्हणजे हो असायचं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "नाय सांगनार."

मी हलकी होऊन घरी गेले. कितीतरी दिवसांनी मला त्या रात्री गाढ झोप लागली.

दोन-तीन दिवसांनी नवरा कामावरून आला, हातपाय धुऊन ताटावर बसला, आणि मोबाईल ताटाशेजारी ठेवून त्याने एक बटण दाबलं. आजीचा आवाज आला. आधी मला बरंच वाटलं. इतकी सवय होती त्या आवाजाची की अंग सैल पडलं. मग शब्द कळायला लागले. ती माझं नाव घेऊन रडत होती. देवा, जावई माझ्या लेकरावर हात उचलतो, त्याचा हात आवर. देवा, एक तारखेला ती पोरीला घेऊन पुण्याला निघालीय, तिचा पाय आवर. त्याने तिथेच बंद केलं. सिल्लोडला त्याच्या आईच्या मंडळात ते आलं होतं, कुणा बाईने प्रार्थनेसाठी म्हणून पुढे पाठवलेलं. तो मला म्हणाला, ताटातलं संपव. त्या दिवशी त्याने मला बोटही लावलं नाही. भाकरी मागून घेतली आणि पोटभर जेवला.

सकाळी पहिल्या गाडीने सासू आली. नातीची आठवण येते म्हणाली, चार दिवस नेते म्हणाली. मुलीचे कपडे तिने स्वतः पिशवीत भरले. मुलगी सिल्लोडला असली की मी कुठेच जाणार नाही, हे कुणी बोलून दाखवलं नाही. तशी गरजच नव्हती. मुलगी खिडकीतून हात हलवत गेली. एक तारीख आली आणि गेली. पुण्याच्या मैत्रिणीला मी फोन करून सांगितलं की जमत नाही. तिने कारण विचारलं तेव्हा मी फोन ठेवून दिला.

मग लोक आले. मंडळीचे पाळकसाहेब पत्नीला घेऊन आले, चहा-बिस्किटं झाली, क्षमेवर बोलणं झालं. दोघांनीही एकमेकांना समजून घ्यावं असं ते म्हणाले आणि दोघांच्याही डोक्यावर हात ठेवून गेले. मंडळातल्या बायका आल्या, न आलेल्यांचे फोन आले. घर मोडू नये गं, लेकराचा विचार कर, आम्ही रोज तुझा विषय घेतो. सगळ्यांनी ती प्रार्थना ऐकली होती. तिच्यात दोन गोष्टी होत्या, त्याचा हात आणि माझा पाय. हाताचं एकीलाही ऐकू आलं नव्हतं, पायाचं सगळ्यांना आलं होतं. एकीने तर मला विचारलं की पुण्यात कुणी आहे का.

आजीकडे गेले तेव्हा मी रडणार नाही असं ठरवून गेले होते, आणि रडले नाही. म्हटलं, तू मला नाही सांगणार म्हणाली होतीस. मला वाटलं होतं ती गडबडेल, चुकलं म्हणेल. तिला माझा प्रश्नच कळला नाही.

"मी मान्साला कुठं सांगितलं, बाळ? देवाला सांगितलं."

मी म्हटलं, ग्रुपवर सांगितलंस.

"मंग? येकटीच्या प्रार्थनेत किती जोर असतो? समद्या मिळून बोलल्या तर लवकर पोचतं."

मी तिला सांगितलं की मुलगी नेली. ती म्हणाली, देव आणील. मला हसू आलं. इतका संताप आला होता की बाहेर यायला दुसरी वाटच नव्हती. मी चपला घातल्या तशी ती डबा भरायला लागली, मेथीचे पराठे. मी न घेता निघाले. ती डबा घेऊन कोपऱ्यापर्यंत मागे आली, म्हातारी, अनवाणी. मी रिक्षात बसले आणि मागे वळून पाहिलं नाही.

मुलगी शाळा सुरू व्हायच्या वेळी परत आली आणि तिच्याबरोबर सासूही राहायला आली. घरात तिसरं माणूस असल्याने हात कमी उठायचा, बंद झाला नव्हता. मी हॉस्पिटलचं काम चालू ठेवलं आणि तोंड बंद ठेवलं. आजी फोन करायची. आता बरं हाय का, हात तर नाय उचलत, असं दर वेळी विचारायची. मी म्हणायचे, बरं आहे. दुसरं काय म्हणणार होते? तिला सांगणं म्हणजे मंडळाला सांगणं, आणि मंडळाला सांगणं म्हणजे सिल्लोडला. जिच्या मांडीवर मी वाढले तिच्याशी मी हवापाण्याचं बोलायला शिकले. तिला ते कळत होतं की नाही ते मला माहीत नाही. बहुतेक नसावं.

वर्षातून एकदा, सुगी झाली की आमच्यात उपकारस्तुतीचा रविवार असतो. लोक शेतातलं, परसातलं काहीबाही आणतात. ऊस, भोपळे, ज्वारीची कणसं पुढे रचून ठेवतात आणि उपासना झाल्यावर त्यांचा लिलाव होतो. त्याआधी साक्षी होतात. वर्षभरात देवाने काय केलं ते ज्याला त्याला उभं राहून सांगायचं असतं. त्या रविवारी आजी उठली. काठी टेकत माइकपाशी गेली आणि म्हणाली की एका मुलीचं घर मोडायला निघालं होतं, नाव नको, मंडळीने प्रार्थना केली आणि देवाने ते घर सांधलं. सगळा हॉल माझ्याकडे वळला. काही बायकांनी डोळे पुसले. कीबोर्डवर माझा नवरा होता. साक्ष संपल्यावर त्याने हलक्या हाताने पुढच्या गीताची सुरावट सुरू केली. फार सुंदर वाजवली, ते नाकारता येणार नाही. माझ्या डाव्या खांद्याला तेव्हा हातही लावता येत नव्हता. आजी परत येऊन माझ्या शेजारी बसली, त्याच खांद्यावर हात ठेवला आणि तिने माझ्याकडे इतक्या आनंदाने पाहिलं की मला तिचा तिरस्कार वाटला. आयुष्यात पहिल्यांदा, आणि पुरेपूर.

उपासनेनंतर माझ्या नवऱ्याने लिलावात तिच्यासाठी भोपळा घेतला.

त्यानंतरच्या थंडीत मी निघाले. सासू लग्नासाठी सिल्लोडला गेली होती, नवरा पहिल्या पाळीला. मुलीला शाळेच्या कपड्यांतच रिक्षात घातलं. या वेळी पुणे नाही, शहरातच, मुकुंदवाडीला एका खोलीत. नवीन हॉस्पिटल, तिथल्या मेट्रनबाईंच्या ओळखीची खोली. त्याच दिवशी पोलिसांकडे जाऊन तक्रारही दिली. मेट्रनबाई सोबत आल्या. त्या मुसलमान, आमच्या मंडळीशी त्यांचा काही संबंध नाही, आणि त्याचंच मला हायसं वाटत होतं. आजीला मी काही कळवलं नाही. कळवावं असं मनातसुद्धा आलं नाही.

तिला कळलं ते शुक्रवारी, मंडळात. गीत झालं, वचन झालं, आणि एक बाई घसा साफ करून म्हणाली, एका आजीसाठी प्रार्थना करायची आहे, नाव नको. नात नवऱ्याचं घर सोडून गेली आणि तिने आजीला एका शब्दाने विचारलंसुद्धा नाही. आजीने ऐकलं आणि मान खाली घातली. तिला त्या बाईची, जी कुणी असेल तिची, दया आली. तिने मोठ्याने प्रार्थना करायला सुरुवात केली. त्या म्हातारीला धीर दे देवा, तिचं काळीज सांभाळ. बरंच बोलल्यावर तिच्या लक्षात आलं की बाकी कुणीच बोलत नाही, आमेनसुद्धा म्हणत नाही. तिने डोळे उघडले तर सगळ्या जणी तिच्याकडेच बघत होत्या.

हे मला तिनेच सांगितलं, दुसऱ्या दिवशी. जुन्या हॉस्पिटलातून नव्याचा पत्ता काढून आणि तिथल्या आयांशी गोड बोलून ती माझ्या खोलीपर्यंत पोचली होती. मुलगी शाळेत होती. आजी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, पदराने तोंड पुसलं आणि शुक्रवारचं सगळं जसं झालं तसं सांगितलं. समद्या माझ्याकडं बघत व्हत्या, असं दोनदा म्हणाली. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं, अगदी आतून. म्हटलं, कळलं का आता, कसं वाटतं ते. पण हे मी मोठ्याने म्हटलं नाही.

"मला का नाय सांगितलं?" तिने विचारलं.

"तू सांगितलं असतंस."

ती विचारात पडली. उगाच नाही म्हणावं, माझी समजूत काढावी, असलं काही तिच्या स्वभावातच नव्हतं. प्रश्न विचारला की ती खरं उत्तर शोधायची.

"व्हय," ती म्हणाली. "सांगितलं असतं."

मग ती एक जुनी गोष्ट सांगायला लागली. मी तिच्याकडून हजार गोष्टी ऐकल्या होत्या, ही मात्र कधी ऐकली नव्हती. ती लग्न होऊन मिशनच्या कंपाउंडात आली त्या सुरुवातीच्या वर्षांत तिथे एक कंपाउंडर बायकोला मारायचा. बायकोने एका शुक्रवारी मंडळात विषय सांगितला. नाव नको वगैरे काही नाही, सरळ सांगितला. प्रार्थना झाली आणि बायका उठल्या त्या घरी गेल्याच नाहीत. गीतांची पुस्तकं घेऊन थेट कंपाउंडरच्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि गायला लागल्या. तो दार लावून आत. बायका दिवेलागणीपर्यंत गात राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा. सगळं कंपाउंड बघायला जमलेलं. तिसऱ्या दिवशी तो बाहेर आला आणि बायकोची माफी मागून गेला. पुन्हा हात उचलला की पुन्हा बायका ओट्यावर. आजीच्या कडेवर तेव्हा माझी आई होती, काही महिन्यांची.

"आमच्या टायमाला विषय सांगितला की बाया उठायच्या," आजी म्हणाली. "म्या सांगितलं आन् वाट बघितली. येक बी नाय उठली. समद्यांनी जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली."

म्हणजे एवढे दिवस मी जिला भाबडी समजत होते, मूर्ख समजत होते, तिच्या डोळ्यांसमोर पडेगावच्या माझ्या दारात बसून गाणाऱ्या बायका होत्या. माझा पाय आवरावा असं तिला खरंच वाटत होतं, पण आधी त्याचा हात आवरायला लोक जातील असं ती धरून चालली होती. तिलाही त्या बायकांनी फसवलं होतं. क्षणभर आम्ही दोघी एका बाजूला आलो. लहानपणी पत्र्यावर पाऊस वाजताना आम्ही एका गोधडीत बसायचो, तसं मला वाटलं. आता तिच्या मांडीवर डोकं ठेवावं इथपर्यंत माझं मन गेलं होतं. आणि मग मला कळेना, हा प्रश्न मला इतके दिवस कसा पडला नव्हता. छावणीहून पडेगाव काही लांब नाही. शेअर रिक्षा जाते. पिशोरच्या बाजारात अनोळखी लोकांची बोलणी खायला जाणारी बाई, तिला कुणाची भीती होती?

"तू का नाही आलीस?" मी विचारलं.

तिने खरं उत्तर शोधलं. वेळ लागला.

"मला वाटलं, त्या जातील," ती म्हणाली.

याच्यावर रागावताही येत नाही. मंडळातल्या प्रत्येक बाईने हेच उत्तर दिलं असतं, आणि माझ्या आजीचं उत्तर त्यांच्याहून वेगळं असेल असं मी धरून चालले होते. माझी फसगत तिथेच झाली होती, ग्रुपवर नाही. तिने माझं गुपित सांगितलं ते मी एक वेळ पचवलं असतं. पण माझा दंड बघून, त्याच्यावरून बोट फिरवून, ती मेथी निवडायला परत बसली. घोंगडीची घडी घातली आणि बाकीचं देवावर आणि बायकांवर सोपवलं.

उठताना तिने नेहमीसारखं विचारलं, प्रार्थना करू का. आमच्या घरात या प्रश्नाला नाही म्हणतात हे कुणाला ठाऊकच नाही. दारू प्यायलेला मामासुद्धा मान खाली घालून उभा राहायचा. मी नाही म्हटलं. तिला वाटलं तिने नीट ऐकलं नाही, म्हणून ती थांबली. मी पुन्हा म्हटलं, नको आजी. मग ती काठी टेकत परत खुर्चीत बसली.

"बरं," ती म्हणाली. "मंग च्या तरी पाज."

मी चहा ठेवला. तिने बशीत ओतून घेतला, साखर कमी आहे म्हणाली, आणि मुलगी शाळेतून यायची वेळ होईपर्यंत बसून राहिली. पणतीने येऊन गळ्यात हात टाकल्यावर मग गेली.

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. माझी फारकत झाली, मुलगी माझ्याकडे राहिली, मुकुंदवाडीहून मी सिडकोत राहायला गेले. आजी महिन्यातून एखादी चक्कर मारायची. मंडळ तिने सोडलं नाही, ग्रुपही सोडला नाही. माझा विषय मात्र तिने तिथे पुन्हा कधी काढला नाही, असं मामाची मुलगी सांगते. माझ्याकडे आली की मुलीचा अभ्यास विचारायची, गुडघ्यांचं सांगायची, चहा प्यायची आणि काठी उचलायची. प्रार्थना करू का, हे तिने मला पुन्हा कधीच विचारलं नाही. मी नको म्हटलं होतं, आणि तिच्या लेखी नको म्हणजे नको. ती निघायला उठली की मी मोरीत कपबशा विसळत राहायचे, विसळलेल्या पुन्हा विसळायचे, कारण आज कदाचित ती विचारेल असं मला दर वेळी वाटायचं.